ऊन दाखवलेलं मलम

आई, काल मी तुझं मलम आतून पाहिलं.

ट्यूब नव्हे. ती तू शेवटी लाटण्यानं लाटून चपटी केलीस, तरी त्यातून काही निघेना, तेव्हा चुलीत टाकलीस. मी पाहिला तो मलमातला औषधाचा कण, ज्याच्या भरवशावर आपण सगळे बसलो होतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. पण आता अशी सोय झाली आहे की माणसाच्या अंगातल्या ज्या भागाला हे औषध जाऊन धरतं, तो भाग शास्त्रज्ञ औषधासकट वेगळा काढतात, खडीसाखरेचे व्हावेत तसे त्याचे बारीक खडे करतात, खड्यांतून एक्स-रे सोडतात आणि मग पुष्कळ गणित करून कुठला अणू कुठे आहे त्याचा नकाशा मांडतात. हा नकाशा कोणालाही फुकट बघता येतो. मी नाशिकला कॉलेजात जीवरसायन शिकवते, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्याला एम.एस्सी. करत होते आणि ही पोरगी पुढं काय करणार हे तुलाच काय, मलाही ठाऊक नव्हतं. तर वर्गात दाखवायला म्हणून मी तो नकाशा उतरवून घेतला होता. माणसाचा ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर, म्हणजे औषध धरणारा तो भाग, आणि त्यात बसलेलं औषध. औषधाचं नाव मी तयारी करतानाच वाचलं होतं, ओळखलंही होतं. तरी काल ते भिंतीवरच्या पडद्यावर हातभर मोठं दिसलं आणि वर्गात शिकवता शिकवता मी ते पुन्हा वाचलं. तेच नाव. तुझ्या ट्यूबवर होतं ते.

'तुला आठवतं का' असं विचारायची आता सोय नाही, म्हणून मीच आठवते. विंचूरच्या रस्त्याला द्राक्षाचं ते पॅकिंगचं शेड. बाहेर फेब्रुवारीतली धूळ आणि आत थंडगार, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, लांबच लांब टेबलं, आणि टेबलापाशी टोप्या घातलेल्या पंचवीस-तीस बाया. त्या टोपीत तू मला ओळखूच यायची नाहीस. मी बी.एस्सी.ला, एस.टी.नं रोज नाशिकला जाऊन येऊन. रविवारी तुझा डबा घेऊन शेडवर यायचे आणि दारातून तुझं काम बघत उभी राहायचे. बारीक टोकाच्या कात्रीनं तू घडातला डागी मणी नेमका काढतेस, घड देठाला धरून फिरवतेस, वजन करतेस आणि पेटीत ठेवतेस. एकदा मी म्हटलं, "मला दे ना एक घड ठेवायला." तू माझा हात धरून मागं घेतलास. "दाबायचा नाय गं. त्याची जागा बघायची. जागा सापडली का तो आपसूक बसतो." मग घड बसलासुद्धा, आणि तू माझ्याकडे न बघताच हसलीस. मला ते हसू अजून दिसतं. काम करताना तू सुंदर दिसायचीस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. असं आईला सांगायची आपल्याकडे रीतच नाही.

तुझ्या कोपरांवरचे चट्टे तेव्हा जुनेच झाले होते. गावानं त्याला आधी गजकर्ण म्हटलं, मग इसब म्हटलं. करंजाचं तेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून वांगं सोडून झालं. तू ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या खाली आणल्यास आणि विषय संपवलास. भाकरी थापतानासुद्धा बाह्या वर करायच्या नाहीत, पीठ लागलं तरी चालेल. पण त्या रविवारी परदेशातली पार्टी माल बघायला येणार होती, शेडात सगळी धावपळ, आणि वरची पेटी उतरवताना तुझी बाही सरकली. सुपरवायझर शेजारीच होता. त्यानं पाहिलं, आणि वाईट माणूस नव्हता तो, आवाज खाली घेऊन बोलला. "मावशी, उद्यापासून टेबलावर नको. एक्स्पोर्टचा माल हाय. तुम्ही मागं क्रेट धुवायला बसा." मी दारातून आत गेले. माझं डोकं तर तुला माहीतच आहे, कशानंही फिरतं. म्हटलं, "का? माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन मी एवढी वाढले, मला काही झालं का?" बायांच्या कात्र्या थांबल्या. तू टोपी काढलीस, घडी घातलीस आणि मला म्हणालीस, "तोंड आवर. डबा दे इकडं." बस. रस्त्यात एवढंच म्हणालीस, "त्याच्या जागी मी असते तर मीबी हेच केलं असतं." याचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही येतो, खरं सांगते.

तुला काही मोठं नको होतं. सोनं नको, घर नको. तुला ते टेबल परत पाहिजे होतं.

बाबा तेव्हा अंबडला कंपनीत, तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. त्यांनीच चौकशी करून शहरातला कातडीचा डॉक्टर शोधला आणि आपण तिघं गेलो. डॉक्टरनं कोपरं बघितली, गुडघे बघितले, नखंसुद्धा बघितली. म्हणाला, "ताई, याला सोरायसिस म्हणतात. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पूर्ण जाईल असं सांगत नाही, पण दबेल. एक नवीन मलम आलंय, ड जीवनसत्त्वापासून केलेलं, ते लावा. आणि रोज कोवळं ऊन घ्या, बाह्या वर करून." तू मान डोलावलीस. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून तू ते नाव दोन-तीनदा तोंडात घोळवलंस आणि तुला ते जमेना. मग म्हणालीस, "सोयरा. सोयराच म्हणते मी त्याला. आलाय, जेवतोय, जायचं नाव घेत नाय." बाबा एवढे हसले की कंडक्टरनं वळून बघितलं. त्या दिवसापासून घरात तो सोयराच झाला. आज सोयरा कसा आहे? आज सोयऱ्यानं आग लावली. मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलं ना लागत नाही म्हणून, मग शेडवर जाऊन सांग तसं." तू म्हणालीस, "सांगून कोण ऐकतं? सोयरा गेल्यावर जाईन. बाही वर करून दाखवीन अन् टेबलाला उभी राहीन."

मग परीक्षा आली, मी पंधरवडाभर मैत्रिणीकडे नाशिकलाच राहिले. पेपर संपवून घरी आले तर घरात कोणी नाही. हाक मारली, तू वरून ओ दिलीस. मी शिडीनं धाब्यावर चढले. जुन्या साडीवर कुरडया, शेजारी लोणच्याची बरणी, एका सुपात तूरडाळ, आणि या सगळ्यांच्या मधोमध स्टीलच्या ताटलीत, टोपण काढून ठेवलेली, तुझी ट्यूब. तू कावळे हाकायला तुरीची काडी घेऊन सावलीला बसलेली, बाह्या मनगटाच्या दिशेला ओढलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"ऊन दाखवती," तू म्हणालीस, जसं काही मीच खुळी.

आपल्याकडे कशाला ऊन दाखवत नाहीत? डाळीला दाखवतात, गोधडीला दाखवतात, लोणच्याला दाखवतात, न्हाऊ घातलेल्या बाळालासुद्धा दाखवतात. ऊन दाखवलं की वस्तू टिकते, कीड लागत नाही, जोर धरते. तू चौथीपर्यंत शिकलेली आणि चौथीतलं तुझ्या पक्कं ध्यानात होतं: ड जीवनसत्त्व उन्हात मिळतं. तू मला नीट समजावून सांगितलंस. "डॉक्टर म्हणला ऊन घ्या. मी बाह्या वर करून इथं बसले तर आख्खी आळी बघल, अन् उद्या शेडपर्यंत जाईल. मग म्हटलं, मलमातबी ड, उन्हातबी ड. मी उन्हात बसले काय अन् मलम बसलं काय, ड ते ड. त्यानं ऊन घ्यायचं, मी त्याला घ्यायचं." मी पोट धरून हसले. म्हटलं, "आई, डॉक्टरचं सांगणं लोक धाब्यावर बसवतात, पण तू म्हणजे खरोखरच बसवलंस." तूही हसलीस आणि काडीनं माझ्या पायावर एक दिलीस. आणि तुला सांगू, मला ते पटलं होतं. कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकून मला त्यात काही चूक दिसली नाही. कोणाला दिसणार होती? तो दिवस मला फार आवडतो. त्या दिवशी सगळं व्हायचं होतं. तू टेबलावर परत जायची होतीस.

रोज संध्याकाळी मी तुला मलम लावून द्यायचे. कोपराची मागची बाजू स्वतःला दिसत नाही ना. दिवे लागले की तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस, कडी लावायचीस, मगच बाह्या वर. ट्यूब तेव्हाही कोमट असायची आणि मलम तेलासारखं पातळ सुटायचं. मी गोल गोल चोळायचे. तुझं कोपर पापडासारखं कोरडं, खरखरीत, कडेला थोडं गरम. तू डोळे मिटायचीस. एवढा वेळ तू कधी कोणाला अंगाला हात लावू दिला नसशील. अधूनमधून विचारायचीस, "कमी दिसतं का गं?" आणि मी म्हणायचे, "दिसतं, थोडं." पहिली ट्यूब संपली, बाबांनी दुसरी आणली, तीही ऊन खाऊन संपली. कमी काही झालं नाही.

डॉक्टर म्हणाला, काहींना लागू पडत नाही. त्याचंही बरोबर, त्याला कोणी सांगितलंच नाही की ट्यूब रोज कुरडयांबरोबर वाळते आहे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आपल्याला वाटलंच नाही. घरी येऊन तू भाकऱ्या टाकायला घेतल्यास. तव्यावर भाकरी, तुझी पाठ माझ्याकडे. "रोगबी लागत नाय म्हणतो, औषधबी लागत नाय म्हणतो. मग मला लागतं तरी काय?" असं म्हणून हसलीस. मग भाकरी उलटून तू दुसरं वाक्य बोललीस, तेव्हा मात्र हसली नाहीस. "या मलमाला माझ्या अंगात गिऱ्हाईकच नाय, बाई. माल चांगला असल. गिऱ्हाईक नाय." द्राक्षाच्या गावात यापेक्षा वाईट काय बोलायचं असतं! त्यानंतर तू टेबलाचं नाव काढलं नाहीस. पुढचा हंगाम तू क्रेट धुतलेस, गार पाण्यात, आणि हात भेगाळून घेतलेस. मी पुण्याला निघाले तेव्हा तू तुझी ती बारीक टोकाची कात्री माझ्या पिशवीत टाकलीस. "मला आता कुठं लागती? तुझ्या त्या शास्त्रात कायबाय कापायला व्हईल." त्याच पावसाळ्यात तू गेलीस. हार्टनं. त्याचा नि कातडीचा काही संबंध नव्हता असं सगळे म्हणाले. मी अंत्यविधीला पोचले तेव्हा बायांनी तुला नवं लुगडं नेसवलं होतं, आणि कोणीतरी समजूतदारपणे बाह्या खाली ओढून ठेवल्या होत्या.

आता कालचं ऐक. पडद्यावर तो रिसेप्टर आहे, कुरडईसारखा वळ्यावळ्यांचा, आणि त्याच्या पोटात एक पोकळी आहे. त्या पोकळीत तुझ्या मलमातला कण. मी पोरांना सांगते आहे की हा कण म्हणजे अगदी उन्हातलं ड नव्हे, त्याचं शेपूट माणसानं थोडं बदललं आहे, पण अंगातल्या खऱ्या ड ला रिसेप्टर जिथं जिथं धरतो तिथंच त्यानं यालाही धरलंय, आणि तो बसला की वरून एक पट्टी दार लोटावं तशी मिटते, मग पुढचं काम सुरू होतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या निफाडच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, मराठीत रिसेप्टरला ग्राही लिहिलंय पुस्तकात. ग्राही म्हणजे गिऱ्हाईकच का?" वर्ग हसला. तिला वाटलं मी रागावणार. मी म्हटलं, "हो. गिऱ्हाईकच." आणि खडू शोधायच्या निमित्तानं फळ्याकडे तोंड केलं. फळ्यावर लिहायचं काहीच नव्हतं.

गिऱ्हाईक होतं, आई. ते प्रत्येक माणसाच्या कातडीत असतं, तुझ्याही होतं. अंगात जागा तयार होती, अगदी नेमकी. हा कण तिथं न दाबता बसतो, तू पेटीत घड बसवायचीस तसा. फक्त त्याला एक खोड आहे, आणि ती मी अलीकडे शिकवायची तयारी करताना वाचली: त्याला ऊन सोसत नाही. उन्हात तो मोडतो, त्याचं रूप बदलतं, आणि मग त्या जागेत तो बसत नाही. उन्हातल्या ड शी त्याचं एवढं नातं, आणि त्यालाच ऊन वर्ज्य. हे तुला सांगितलं असतं तर तू कपाळावर हात मारून घेतला असतास, आणि मग हसत सुटली असतीस. मला तुझं ते हसणं ऐकायचं होतं. खोट तुझ्यात नव्हती. माल धाब्यावर खराब झाला, आणि जे ऊन तुझ्या कोपरांवर पडायला हवं होतं ते सगळं त्या ट्यूबनं खाल्लं. एवढंच तुला सांगायचं आहे आणि सांगायला तू नाहीस. याचा मला किती त्रास होतो ते लिहिता येत नाही. रात्री जेवताना घास अडकतो, असं लिहिलं तर तू म्हणशील पाणी पी.

मी मास्तरीण आहे, खोटं सांगवत नाही. हे मलम सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. डब्यात, अंधारात ठेवलं असतं तरी तुला गुण आला असता, हे त्या नकाशावरून मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. नकाशात जागा दिसते, माणूस दिसत नाही. पण माझ्याकडे दुसरा पुरावा आहे. मागच्या हिवाळ्याच्या तोंडी आंघोळ करताना दोन्ही कोपरांशी हाताला काहीतरी खरखरीत लागलं. आरशात बघितलं. सोयरा आला होता. तुझ्याकडून निघून, एवढी वर्षं कुठंकुठं मुक्काम करून, पत्ता शोधत बरोबर माझ्या दारात. मला धक्का बसायला हवा होता, तर मी बाथरूममध्ये एकटीच हसले आणि म्हटलं, या, बसा. डॉक्टरांनी तेच मलम दिलं. ट्यूब मी कपाटात, साड्यांच्या मागं ठेवते. दिवाळीला लावायला घेतलं, संक्रांतीला कोपराची कातडी गुळगुळीत. मी तुझ्याच पोटची. तुझी कातडी, तुझा सोयरा, तुझं गिऱ्हाईक. ते माझ्यात आहे म्हणजे तुझ्यातही असणार. मला तर आता काही शंका राहिली नाही. त्या संक्रांतीला मी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून विंचूरच्या रस्त्यानं गेले. शेड आहे, वाढलंय. बाया टोप्या घालून बसल्या होत्या. आत गेले नाही. दारातूनच बघितलं आणि निघाले.

तुझी कात्री माझ्या टेबलावर आहे, तिनं मी प्रयोगाचे कागद कापते. हे पत्र तिच्याखाली ठेवीन. कुठं पाठवायचा प्रश्नच नाही.

एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. कोपर साफ झालं असं वर लिहिलं ना, ते उजवं. डाव्या कोपराला मी मलम लावलेलं नाही, लावणारही नाही. संध्याकाळी दिवे लागले की कडी लावते, बाही वर करते, डोळे मिटून त्यावरून गोल गोल बोट फिरवते, आणि आई, तुझं कोपर हाताला लागतं.